वाचकांचे प्रश्न : चीनमध्ये इस्लाम पहिल्यांदा कसा पोहोचला?

प्रश्न : प्रेषित मुहम्मद यांचे मामा साद इब्न अबी वक्कास यांनी स्वतः चीनमध्ये जाऊन इस्लामचा प्रसार केला आणि त्यांची कबर क्वांगचौ शहरात आहे, असे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. शीआन येथील मोठ्या मशिदीत इ.स. ७४२चा शिलालेख असल्याचेही सांगतात. या माहितीत तथ्य किती?

उत्तर : क्वांगचौमध्ये साद यांच्या नावाची कबर आहे आणि चिनी मुसलमानांसाठी ते फार जुने श्रद्धास्थान आहे, एवढा भाग निर्विवाद आहे. मात्र साद हे कोणी अज्ञात गृहस्थ नव्हते. कादिसियाच्या लढाईत सासानी इराणच्या फौजेचा पाडाव करणारे सेनापती आणि इराकमधील कूफा शहराचे संस्थापक म्हणून त्यांची ख्याती होती. प्रेषितांच्या आईच्या कुळातले असल्यामुळे त्यांना ‘मामा’ म्हटले जाई. अशा माणसाच्या आयुष्याच्या नोंदी अरबी ग्रंथकारांनी बारकाईने ठेवल्या आहेत आणि त्यांत चीनच्या प्रवासाचा मागमूसही नाही. त्यांच्या निधनाच्या वर्षाविषयी थोडा मतभेद आहे, पण ते मदीनेजवळ वारले आणि मदीनेतच त्यांचे दफन झाले, याविषयी तो नाही.

साद यांची कथा एकटी नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या फूच्येन प्रांताच्या एका चिनी इतिहासात असे म्हटले आहे की, प्रेषितांचे चार शिष्य ६१८ ते ६२६ या काळात चीनमध्ये आले. एकाने क्वांगचौत, दुसऱ्याने यांगचौत धर्म शिकवला आणि उरलेले दोघे छुआनचौत राहून तेथेच निवर्तले. त्या दोघांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरी छुआनचौबाहेरच्या लिंगशान टेकडीवर आजही आहेत. आणखी एका लोककथेत तांग सम्राट ताइझोंग याच्या स्वप्नात एक राक्षस येतो, फेटा बांधलेला एक पुरुष त्या राक्षसाला आवरतो, आणि दरबारातले जाणकार स्वप्नाचा अर्थ लावून पश्चिमेकडे दूत धाडण्याचा सल्ला देतात. या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे : प्रत्येकीत चीनचा सम्राट किंवा चीनची भूमी इस्लामचे स्वागत करते. आपण आगंतुक नसून सन्मानाने बोलावलेले आहोत, हे सांगण्याची निकड ज्या समाजाला भासत होती, त्याने या कथा जपल्या. इतिहासाचे साधन म्हणून त्या सातव्या शतकाविषयी काहीच सांगत नाहीत. मिंग (१३६८–१६४४) आणि चिंग (१६४४–१९१२) राजवंशांच्या काळातील चिनी मुसलमानांच्या मनःस्थितीविषयी मात्र पुष्कळ सांगतात.

तारखांचा घोळ याहून रंजक आहे. मिंग काळातील अनेक लेखांत इस्लाम चीनमध्ये स्वी राजवंशाच्या काइहुआंग कालखंडात, म्हणजे ५८१ ते ६०० या वर्षांत आला, असे विधान आढळते. हे अशक्य आहे, कारण प्रेषितांना पहिला साक्षात्कार झाला तोच मुळी ६१०च्या सुमारास. ही चूक कशी झाली असावी याचा उलगडा चेन युआन या चिनी इतिहासकाराने १९२०च्या दशकात केला. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असते. ते साधारण ३५४ दिवसांत संपते आणि त्यात अधिकमास धरत नाहीत. चिनी पंचांगही चांद्रमासांचेच आहे, पण तेथे अधिकमास घालून वर्षाचा ऋतूंशी मेळ राखला जातो. परिणामी साधारण ३३ चिनी वर्षांत ३४ हिजरी वर्षे उलटतात. आता १३८४ साली हिजरी ७८६ चालू होते. एखाद्याने हा फरक लक्षात न घेता १३८४मधून सरळ ७८६ चिनी वर्षे मागे मोजली, तर तो ५९९च्या आसपास, म्हणजे बरोबर काइहुआंग कालखंडात जाऊन पोहोचतो. प्रत्यक्षात हिजरी सनाचा आरंभ ६२२चा. हिशेबातली ही तेवीस वर्षे पुढे कित्येक पिढ्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली.

शीआनचा शिलालेख याच हिशेबामुळे संशयास्पद ठरला. त्यावर ७४२ हे वर्ष कोरलेले आहे आणि मजकुरात इस्लाम काइहुआंग काळात चीनमध्ये आला असे लिहिले आहे. आठव्या शतकात, जेव्हा हिजरी आणि चिनी वर्षांतले अंतर जेमतेम चार वर्षांचे होते, तेव्हा ही चूक होण्याचे कारणच नव्हते. लेखातील प्रेषितांच्या नावाचे चिनी लेखनही फार पुढच्या काळातले आहे. बहुतेक अभ्यासक हा लेख मिंग काळात मागची तारीख घालून कोरला गेला असे मानतात, आणि ते योग्यच वाटते.

मग खात्रीची तारीख कोणती? तांग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात ६५१ साली ‘दाशी’ देशाचा, म्हणजे अरबांचा, वकील सम्राट गाओझोंगच्या दरबारी चांगआन (आजचे शीआन) येथे प्रथमच नजराणा घेऊन आल्याची नोंद आहे. आपले राज्य स्थापन होऊन ३४ वर्षे झाली असून आतापर्यंत तीन राजे होऊन गेले आहेत, असे त्या वकिलाने सांगितल्याचे दरबारी लेखनिकाने टिपून ठेवले. वर्षांची संख्या दोन-तीनने जास्त असली तरी ‘तीन राजे’ हे बरोबर जुळते, कारण तेव्हा तिसरे खलिफा उस्मान सत्तेवर होते. वकिलाचे स्वतःचे नाव नोंदीत नाही, आणि त्याने धर्मोपदेश केल्याचाही उल्लेख नाही. त्याच वर्षी शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द तिसरा मर्वजवळ मारला गेला होता आणि त्याच्या घराण्याने चीनकडे मदतीची याचना चालवली होती. तेव्हा ही वकिलात राजकारणाची होती, हे मानण्यास भरपूर आधार आहे.

या वकिलाती पुढेही येत राहिल्या. ६५१ ते आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या तीसहून अधिक भरते. त्यांतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. सम्राट श्वानझोंगच्या कारकिर्दीच्या आरंभी, ७१३नंतर लवकरच, घोडे आणि रत्नजडित कमरपट्टा घेऊन आलेला अरब वकील सम्राटासमोर ताठ उभा राहिला. त्याने लोटांगण घातले नाही. दरबारी शिस्तीच्या अधिकाऱ्यांनी त्याच्यावर कारवाईची तयारी केली, तेव्हा मंत्री चांग युए याने सम्राटाला समजावले की हा माणूस वेगळ्या रीतीच्या देशातून चीनच्या कीर्तीने ओढला जाऊन आला आहे, त्याला दोषी धरू नये. सम्राटाने ते मानले. त्यानंतरच्या वकिलानेही आम्ही केवळ ईश्वरापुढे वाकतो असे सांगून पाहिले. पण अधिकाऱ्यांनी वारंवार खडसावल्यावर त्याने निमूटपणे चिनी पद्धतीने वंदन केले. तत्त्व आणि तडजोड यांची ही जोडी पुढच्या सात-आठशे वर्षांत पुन्हापुन्हा दिसते.

प्रश्न : ७५१मधील तलासच्या लढाईत अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला. चीनमध्ये इस्लाम पसरण्यास ही लढाई कारणीभूत ठरली का?

उत्तर : नाही. मध्य आशियातील तलास येथे अब्बासी खलिफांच्या सैन्याने चिनी सेनापती गाओ श्यानची याच्या फौजेला हरवले हे खरे, आणि चिनी बाजूचे कार्लुक तुर्क ऐन लढाईत उलटले हे त्याचे मोठे कारण होते. पण विजेते पुढे सरकले नाहीत. तांग सत्तेने मध्य आशियातून पाय काढून घेतला तो ७५५मध्ये उसळलेल्या, तांग सेनापती आन लूशानच्या बंडामुळे. आणि गंमत अशी की, ते बंड मोडून ७५७मध्ये चांगआन आणि लोयांग या राजधान्या परत मिळवताना सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या परकीय तुकड्यांत अरब सैनिकही होते. तेच सैनिक चीनमध्ये स्थायिक होऊन आजच्या ह्वी, म्हणजे चिनी भाषा बोलणाऱ्या मुसलमानांच्या, समाजाचे पूर्वज झाले, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला समकालीन नोंदींचा आधार मिळत नाही.

तलासचे खरे फलित एका कैद्याच्या रूपाने आपल्या हाती आले आहे. दू ह्वान नावाचा चिनी माणूस त्या लढाईत पकडला गेला, अब्बासी मुलखात सुमारे दहा वर्षे राहिला आणि ७६२मध्ये व्यापारी जहाजाने क्वांगचौला परतला. त्याने लिहिलेला प्रवासवृत्तान्त नष्ट झाला. परंतु त्याचा नातलग दू यू याने ८०१मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या प्रचंड कोशग्रंथात त्यातील उतारे घेतल्यामुळे काही भाग वाचला. इस्लामविषयी प्रत्यक्ष पाहून केलेले हे सर्वांत जुने चिनी वर्णन होय. दू ह्वान सांगतो की तेथे श्रीमंत आणि सामान्य सगळेच दिवसातून पाच वेळा आकाशातील देवाची प्रार्थना करतात. स्त्रिया घराबाहेर पडताना चेहरा झाकतात. मद्य आणि संगीत वर्ज्य आहे. हजारो माणसे मावतील असे प्रार्थनागृह आहे आणि दर सात दिवसांनी स्वतः राजा तेथे येऊन उंच आसनावरून लोकांना उपदेश करतो. हे लोक डुकराचे मांस खात नाहीत आणि राजापुढे किंवा आईवडिलांपुढेही साष्टांग नमस्कार करीत नाहीत, हेही त्याने लिहिले. कन्फ्यूशियसच्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला शेवटची गोष्ट किती धक्कादायक वाटली असेल याची कल्पना करता येते. तरी त्याच्या लेखणीत तिरस्कार नाही. तेथे त्याला चिनी विणकर आणि चित्रकार भेटले, त्यांची नावे आणि गावेसुद्धा त्याने नोंदवली. तो ज्या शहराचे वर्णन करतो ते कूफा, म्हणजे ज्या साद यांना लोककथेने चीनमध्ये आणले त्यांनीच वसवलेले शहर.

प्रश्न : चीनच्या वायव्येकडील शिंच्यांगमधील मुसलमान हे याच परंपरेतले का?

उत्तर : ती धारा वेगळी आहे. काशगरच्या बाजूला काराखानी तुर्कांचा राजा सतुक बुगरा खान याने दहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास इस्लाम स्वीकारला, आणि त्याच्या वारसांनी अकराव्या शतकाच्या आरंभी खोतानचे बौद्ध राज्य जिंकले. तो प्रदेश त्या काळी चिनी सत्तेखाली नव्हता, आणि तेथील इस्लाम तुर्की भाषेत व मध्य आशियाई वळणाने वाढला. या सदरात आपण बोलत आहोत ते चिनी भाषा बोलणाऱ्या मुसलमानांविषयी.

प्रश्न : व्यापारामुळे आलेले पहिले मुसलमान चिनी शहरांत कसे राहत? त्यांना धर्म पाळण्याची मोकळीक होती का?

उत्तर : मोकळीक होती, पण ती परक्यांना दिलेली मोकळीक होती, आणि सगळा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो. इराणी आखातातील सिराफ, बसरा येथून निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यांवर भारताचा किनारा, श्रीलंका आणि मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून क्वांगचौला पोहोचत. ८५१च्या एका अरबी वृत्तान्तात या शहराला ‘खानफू’ म्हटले आहे. त्यात लिहिले आहे की चिनी सम्राटाने तेथील मुसलमानांमध्ये एका मुसलमानाला न्यायनिवाड्यासाठी नेमले आहे; तो सणाच्या दिवशी नमाजाचे नेतृत्व करतो, प्रवचन देतो, मुसलमानांच्या सुलतानासाठी दुवा मागतो, आणि इराकचे व्यापारी त्याचा निर्णय निमूट मानतात. जहाजांवरचा माल हंगामातले शेवटचे जहाज येईपर्यंत सरकारी गोदामात ठेवला जाई आणि त्यातील तीन दशांश हिस्सा कर म्हणून कापून उरलेला व्यापाऱ्यांना परत मिळे. हा व्यापार किती मोठा होता हे १९९८मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या जहाजावरून कळते : अरबी बांधणीच्या त्या एका गलबतात सुमारे साठ हजार चिनी वस्तू होत्या, त्यांतले बहुसंख्य चांगशाच्या भट्ट्यांतले वाडगे, आणि एका वाडग्यावर ८२६ साल कोरलेले आहे.

पण परक्यांचे जिणे असुरक्षितही होते, आणि दोष नेहमी एकाच बाजूचा नव्हता. ७५८मध्ये अरब आणि इराणी लोकांनी क्वांगचौवर हल्ला करून गोदामे लुटली, घरे जाळली आणि समुद्रमार्गे पोबारा केला. दोनच वर्षांनी यांगचौमध्ये एका तांग सेनापतीच्या शिपायांनी काही हजार अरब आणि इराणी व्यापारी कापून काढले. सर्वांत मोठा आघात झाला तो हुआंग चाओच्या बंडात. ८७९मध्ये त्याने क्वांगचौ घेतले तेव्हा मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि अग्निपूजक मिळून १,२०,००० परदेशी मारले गेले, असे सिराफच्या अबू झैदने लिहिले आहे. आकडा फुगवलेला असण्याचा संभव आहे. अबू झैद मात्र ठासून सांगतो की चिनी लोक परदेशीयांची नोंद ठेवून त्यांच्याकडून कर घेत, म्हणून ही संख्या ठाऊक आहे. बंडखोरांनी तुतीची झाडेही तोडली आणि रेशीम मिळेनासे झाले, ही त्याची पुढची तक्रार आहे. व्यापाऱ्याला माणसांइतकेच मालाचेही दुःख असते. अरब जहाजे त्यानंतर बरीच वर्षे मलाया द्वीपकल्पापर्यंतच येत आणि तेथे चिनी मालाची वाट पाहत.

सुंग राजवंशाने ९७१मध्ये क्वांगचौ येथे आणि १०८७मध्ये छुआनचौ येथे सागरी व्यापाराचे सरकारी कार्यालय उघडले आणि वस्ती पुन्हा भरली. छुआनचौची दगडी मशीद तिथल्या अरबी शिलालेखानुसार हिजरी ४००मध्ये, म्हणजे १००९-१०च्या सुमारास बांधली गेली. परदेशीयांचा वेगळा मोहल्ला असे, त्यांचा मुखिया चिनी सरकार नेमत असे आणि त्याला चिनी अधिकाऱ्यासारखा पोशाख करावा लागे. किरकोळ गुन्हे तो पाही, गंभीर गुन्हे चिनी न्यायाधीशाकडे जात. चीनमध्येच जन्मलेल्या परदेशीयांसाठी, आणि पाच पिढ्या तेथे राहिलेल्यांसाठीही, सरकारी कागदांत ‘परदेशी पाहुणे’ हाच शब्द वापरला जाई. पाच पिढ्यांनंतरही माणूस पाहुणाच!

या वस्तीचे सर्वांत जिवंत चित्र सुंग काळातील लेखक युए के याने रेखाटले आहे. त्याचे वडील क्वांगचौचे अधिकारी होते आणि ११९२मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्याने तेथील पू नावाच्या धनाढ्य परदेशी कुटुंबाचे घर पाहिले. त्यांच्या प्रार्थनागृहात मूर्ती नाही, अगम्य अक्षरे कोरलेला एक उंच शिलालेख आहे आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून वंदन करतात, हे त्या मुलाच्या लक्षात राहिले. भिंतीवरच्या अरबी लेखालाच तो देव समजला असावा. सगळे एका मोठ्या पात्रातून एकाच हाताने जेवतात आणि दुसरा हात पुढे आणत नाहीत, हेही त्याने टिपले. शेजारी चांदीच्या कुंचल्यासारखा निमुळता मनोरा होता. जहाजे येण्याच्या हंगामात परदेशी लोक त्यावर चढून अनुकूल वाऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करीत. मनोऱ्याच्या टोकाला सोन्याचा कोंबडा होता, पण त्याचा एक पाय गायब होता. चोर सापडला तेव्हा एवढ्या उंचीवरून खाली कसा आलास, असे त्याला विचारण्यात आले. मुठी काढलेल्या दोन छत्र्या हातात धरून उडी मारली, वाऱ्याने त्या उघड्या राहिल्या आणि मी अलगद उतरलो, असा त्याचा जबाब आहे. क्वांगचौच्या ह्वाईशेंग मशिदीचा सुमारे ३६ मीटर उंचीचा मनोरा आजही उभा आहे.

प्रश्न : हे लोक पाहुणेच राहिले असतील, तर ‘चिनी मुसलमान’ हा समाज केव्हा आणि कसा तयार झाला?

उत्तर : बंदरांतील वस्त्यांवरून हा समाज सरळ वाढत गेला, असे समजणे चुकीचे ठरेल. निर्णायक वळण मंगोलांनी दिले. तेराव्या शतकात त्यांनी बुखारा, समरकंद, ख्वारज्म येथील कारागीर, सैनिक, हिशेबनीस आणि अधिकारी मोठ्या संख्येने चीनमध्ये नेले आणि चिनी जनतेवर राज्य करण्यासाठी त्यांना मधल्या फळीत बसवले. इस्माईल आणि अलाउद्दीन या दोन तंत्रज्ञांच्या दगडफेक यंत्रांनी १२७३मध्ये श्यांगयांगचा वेढा निकाली काढला. जमालुद्दीन या खगोलज्ञाने १२६७मध्ये कुबलाईखानाला नवे पंचांग आणि वेधयंत्रे सादर केली. बुखाऱ्याचा सय्यद अजल शम्सुद्दीन १२७४पासून १२७९मध्ये मृत्यू येईपर्यंत युन्नानचा राज्यपाल होता, आणि त्याने मशिदींबरोबर कन्फ्यूशियसचे मंदिरही बांधले व कुनमिंगच्या सरोवराचे पाणी आवरून शेती वाढवली. मुसलमान आता किनाऱ्यापुरते न राहता देशाच्या आतवर, सरकारी नोकरीत आणि शेतजमिनीवर आले.

मंगोलांची कृपा बेभरवशाची होती. काही मुसलमान व्यापाऱ्यांनी दरबारात दिलेले मांस खाण्यास नकार दिल्यावर कुबलाईखानाने १२८०च्या सुमारास हलाल पद्धतीच्या कत्तलीवर आणि सुंतेवर बंदी घातली. व्यापाऱ्यांनी येणे थांबवून महसूल घटला तेव्हा सातेक वर्षांनी ती उठवली. मधल्या फळीत बसून मंगोलांचा कर गोळा केल्यामुळे चिनी जनतेच्या रोषाचे धनीही मुसलमानच झाले. युआन, म्हणजे मंगोलांची, सत्ता ढासळताना छुआनचौत १३५७ ते १३६६ या काळात परदेशी मुसलमानांच्या फौजेने बंड केले, आणि ते मोडताना ती जुनी, श्रीमंत वस्ती उद्ध्वस्त झाली. शहराच्या तटबंदीतून पुढे शीराज, इस्फहान, बुखारा येथून आलेल्यांची नावे कोरलेले थडग्यांचे दगड निघाले. कबरी उखडून ते बांधकामात वापरले गेले होते.

मिंग राजवंशाने १३६८नंतर परदेशी पोशाख आणि आडनावे यांना मनाई केली, मंगोल व पश्चिमेकडून आलेल्यांनी आपापसांत विवाह न करता चिन्यांशीच करावेत असा कायदा केला आणि समुद्रावरचा खाजगी व्यापारही बंद केला. हेतू परकेपण पुसून टाकण्याचा होता. परिणाम मात्र थोडा वेगळा झाला : नवी माणसे येणे थांबले, घरात चिनी आया आणि चिनी आज्या आल्या, घरची भाषा चिनी झाली, मा आणि दिंग यांसारखी आडनावे रुळली, पण डुकराचे मांस न खाणे, मृताला कफनात गुंडाळून पुरणे आणि शुक्रवारचा नमाज टिकून राहिले. युन्नानमधील मा घराण्यात जन्मलेला नौदलप्रमुख चेंग ह याचे वडील आणि आजोबा दोघेही हाजी म्हणून ओळखले जात, आणि १४०५मध्ये उभारलेल्या वडिलांच्या समाधिलेखातील मजकूर अस्सल चिनी शैलीत आहे.

अरबी येत नाही आणि फारसी विसरत चालली, अशी अवस्था सोळाव्या शतकापर्यंत आली होती. तेव्हा शान्शी प्रांतातील हू तेंगचौ (१५२२–१५९७) याने मशिदीत पद्धतशीर धर्मशिक्षण सुरू केले, आणि त्याच्या शिष्यपरंपरेच्या पुढच्या पिढ्यांत इस्लामचा अर्थ कन्फ्यूशियसच्या परिभाषेत मांडणारे चिनी ग्रंथ लिहिले गेले. साद यांची कबर आणि सम्राटाचे स्वप्न या कथांना लिखित रूप मिळाले तेही साधारण याच काळात.